आजीचे, आईचे लिहून ठेवा

नागपूरच्या कौसल्या बैसंत्री यांची आजी नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून लेकरे घेऊन पायी नागपूरला आली. मोलमजुरी केली, पण मागे फिरली नाही. आई भागीरथीबाई एम्प्रेस मिलमध्ये राबली. हिंगणघाटच्या मिलवर जगलेल्या आपल्या घरांना हे राबणे काय सांगावे! जाईबाई चौधरींचे म्हणणे मनात बसलेले. म्हणून लोकांचे टोमणे सोसून या माऊलीने पोरी शाळेत घातल्या. फीला पैसा नव्हता, तर वडिलांनी हेडमिस्ट्रेसबाईंपुढे जाऊन विनवणी केली. लेकीने १९९९ साली 'दोहरा अभिशाप' या हिंदी आत्मकथनात दोघींना लिहून ठेवले. मी कारकून, जन्मभर फायली लिहिल्या. माझ्या आईचे मात्र रेशनकार्डावरचे नाव तेवढे कागदावर उरले.