पोरका हत्ती आणि नवा कळप



हत्ती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बळ उभे राहते. परंतु आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लाइतके दुबळे जनावर क्वचितच असेल. पहिली दोन वर्षे तरी त्याचा जीव आईच्या दुधावर टिकून असतो. हस्तिदंतासाठी आई मारली गेली, किंवा पिल्लू विहिरीत पडून कळप पुढे निघून गेला, की त्याचे दिवस भरलेच म्हणून समजावे. अशा पिल्लाला वाचवून पुन्हा रानात धाडता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यात केनिया देशातील डॅफ्नी शेल्ड्रिक यांचा वाटा फार मोठा. त्यांचे पती डेव्हिड हे त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी होते. पहिली अडचण दुधाची. गाईच्या दुधातील स्निग्धांश या पिल्लांना पचत नाही, त्यामुळे तान्ही पिल्ले हाती लागूनही दगावत. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, मानवी अर्भकांसाठीच्या दुधाच्या भुकटीत खोबरेल असले की ते त्यांना मानवते, असे डॅफ्नीबाईंच्या ध्यानी आले.

दूध साधले, पण तेवढ्याने भागले नाही. १९७० नंतरच्या दशकात आयेशा नावाचे पिल्लू बाईंनी असेच वाढवले. ते सहा महिन्यांचे असताना मुलीच्या लग्नासाठी बाईंना थोडे दिवस दूर जावे लागले. पिल्लू झुरू लागले आणि मेले. दूध होते, निगा होती; नव्हती ती एकच व्यक्ती! एकाच माणसावर जीव जडू देणे हीच आपली चूक, हे बाईंनी ओळखले.

१९७७ साली डेव्हिड वारले. त्यांच्या स्मरणार्थ संस्था निघाली, आणि पुढे नैरोबी येथे पोरक्या पिल्लांचे संगोपनगृह उभे राहिले. तेथील राखणदार दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजतात. दूध पिताना पिल्लाला सोंड टेकता यावी म्हणून आईच्या अंगाऐवजी कांबळे टांगतात. रात्री एक राखणदार पिल्लाजवळ निजतो. मात्र तो रोज बदलतो. माया भरपूर मिळावी, पण ती सर्वांत वाटलेली असावी, हा त्यातला हेतू.

पिल्लू सुमारे तीन वर्षांचे झाले की त्याला त्सावोत नेतात. दिवसा रानात चरायचे, रात्री कुंपणात परतायचे. पोरक्यांचा हा मेळा हाच त्याचा पहिला कळप. त्यातल्या थोरल्या हत्तिणी नव्या पिल्लांच्या आया होतात. एलिनॉर नावाची हत्तीण यासाठी प्रसिद्ध होती. हळूहळू रानटी कळपांशी ओळख होते. जायचे केव्हा, हे मात्र हत्तीच ठरवतो. त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि कोणी त्याला हुसकावत नाही.

आपल्या देशातही आसामात काझीरंगाजवळ २००२ पासून असे केंद्र चालू आहे. पिल्लाला शक्यतो त्याच्याच कळपात परत सोडायचे, हा तेथला पहिला प्रयत्न. ते न साधल्यास त्याला वाढवायचे. तेथे वाढलेली अनेक पिल्ले मानसच्या अरण्यात नेऊन सोडली आहेत.

जनावर पाळणे माणसाला फार पूर्वीपासून येते. जीव लावून वाढवायचे आणि मग आपली गरजच उरू द्यायची नाही, ही विद्या त्याहून अवघड. त्सावोतून रानात गेलेल्या काही हत्तिणी वर्षांनंतर राखणदारांकडे परत आल्या आहेत. येताना त्यांच्यासोबत रानात जन्मलेले पिल्लू होते. लेक माहेरी यावी, बाळ दाखवावे आणि आपल्या घरी परत जावे, तशा त्या आल्या आणि गेल्या.