बागेतले बिनबोलावलेले (लेखांक ९) : भिंतीवरचं मॉस

गेल्या आठवड्यात आपण कुंपणाच्या फटीतल्या नेच्यांपाशी थांबलो होतो. नेच्याचं एखादं रोप अलगद उपटून पाहिलं असेल, तर त्याच्या मुळांभोवती बोटभरही उंच नसलेला एक हिरवा थर हाताला लागला असेल. नेचा रुजला तो त्या थराने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर. आजचा लेख त्या थराबद्दल.

पावसाळ्यात आपल्याकडे जे जे हिरवं आणि ओलं दिसतं, त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो. बागेत मात्र दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. फरशीवरचा बुळबुळीत, नखाने खरवडला तर चिकट लगदा हाती येतो तो थर शैवलाचा. अंगणात पाय घसरतो तो बहुतेक वेळा त्याच्यावरून. मॉसला खोड असतं आणि पानं असतात, फार लहान असली तरी असतात. दहा रुपयांचं भिंग घेऊन पाहा, चिमुकल्या रोपांची दाट वस्ती दिसेल.

आपल्या विटांच्या, चुन्याच्या आणि सिमेंटच्या भिंतींवर हमखास भेटणारं एक मॉस म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. इंग्रजीत याला सिमेंट मॉस म्हणतात आणि ते नाव चुकीचं नाही, कारण चुना असलेली जागा याला मानवते. जुन्या वाड्याची पडकी भिंत, विहिरीचं तोंड, पाण्याच्या टाकीची गळकी बाजू, कंपाउंडच्या भिंतीचा उत्तरेकडचा पडदा हे याचे पत्ते. कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांवर मात्र इतरही बरीच मंडळी असतात. तिथलं प्रत्येक हिरवं मॉस हायोफिलाच, असं समजू नये.

त्याची खूण उन्हाळ्यात पटते. मे महिन्यात तोच थर चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखा दिसतो, तपकिरी-काळा आणि मेलेला. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आत वळून त्याची सुरळी झालेली असते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि नजर हलवू नका. बघता बघता सुरळ्या उलगडतात, पानं पसरतात आणि खालचा हिरवा रंग वर येतो. पहिल्या वळवानंतर भिंत एका रात्रीत हिरवी झाली असं आपण म्हणतो, तेव्हा रात्रीत नवीन काहीच उगवलेलं नसतं. होतं तेच उघडलेलं असतं.

हे जमतं कसं? मॉसला खरी मुळं नसतात. खाली धाग्यांसारखे मूलाभ असतात, त्यांचं मुख्य काम भिंतीला धरून राहणं. पाणी घ्यायचं ते सगळ्या अंगाने. पान मधली शीर सोडली तर एकाच पेशीच्या जाडीचं, त्यावर मोठ्या झाडांच्या पानांसारखं मेणाचं जाड आवरण नाही. त्यामुळे पाणी चटकन आत येतं आणि तितकंच चटकन निघून जातं. आंब्याचं रोप इतकं सुकलं तर संपलं. हायोफिला मात्र सगळे व्यवहार बंद करून पडून राहते आणि ओल मिळाली की जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू करते. पसरण्यासाठी बीजुकं तर आहेतच, शिवाय पानांच्या बेचक्यात चांदणीच्या आकाराच्या सूक्ष्म कळ्याही येतात. त्या पावसाच्या पाण्याबरोबर सुटून दुसरीकडे रुजतात.

आता बागेत याचा उपयोग. बोन्साय करणारे लोक तो कधीपासून जाणतात. उथळ ट्रेमधली माती पाणी घालताना वाहून जाते, मॉसचा थर ती धरून ठेवतो आणि वरचा पृष्ठभाग लगेच वाळू देत नाही. कुंडीत पावसाचे टपोरे थेंब मातीवर आपटून चिखल खालच्या पानांवर उडतो आणि त्यातून मातीतली बुरशी पानांवर चढते. थर असेल तर हे उडणं कमी होतं. पण बुंध्याला चिकटून मॉस नको, तिथली साल सतत ओली राहणं बरं नाही. मॉस सुकलं म्हणजे कुंडी सुकली असंही धरू नका. वरचा थर तासाभरात वाळतो, खालची माती तेव्हा ओली असू शकते. बोट घालूनच पाहावं.

ते आणायचं कुठून? नर्सरीत पाकिटातून मिळणारं सुकं मॉस घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिमालयातल्या जंगलांत झाडांच्या खोडांवरून ओरबाडलेलं मॉस वाळवून शहरांत विकलं जातं. ज्या खोडावर ते वाढलं त्याचा ओलावा जातो, आणि थंड सावलीत वाढलेली ती जात पुण्याच्या गच्चीवर मार्च बघत नाही. आपल्याच भिंतीवरचं मॉस आपलं ऊन आधीच सोसून बसलेलं आहे. जुलैच्या झडीत पुट्टीच्या पात्याने तळहाताएवढे तुकडे काढा, खालचा चुन्याचा किंवा विटेचा चुराही सोबत येऊ द्या, आणि निम्म्याहून जास्त थर भिंतीवरच राहू द्या. खडबडीत वीट, जुनं कौल किंवा कुंडीतली घट्ट दाबलेली माती यावर ते हाताने दाबून बसवा. गुळगुळीत टाइलवर ते टिकत नाही. दुसरी पद्धत संथ आहे: सुकलेलं मॉस तळहातावर चुरडून विटेच्या चुऱ्यावर भुरभुरवायचं. जवळजवळ कुठल्याही तुकड्यातून नवं रोप होऊ शकतं.

ताकात घोटून लावा, असा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. ताक प्यावं. मॉस आपलं अन्न उन्हातून करतं, ताकावर वाढते ती बुरशी आणि जमतात त्या मुंग्या. खतही नको, युरिया तर नकोच. उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं म्हणून बोअरचं जड पाणी रोज फवारलं की पानांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यापेक्षा त्याला झोपू द्यावं. मॉसची बाग म्हटलं की लोकांना क्योटोचं साइहो-जी मंदिर आठवतं, जिथे मॉसचे 120च्या आसपास प्रकार आहेत. पण चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन भिक्षूने ती बाग आखली तेव्हा ते मॉस नव्हतंच, ते पुढे कित्येक शतकांनी, देखभाल सुटल्यावर पसरलं. शिवाय क्योटोची हवा आपल्याकडे नाही. आपल्याला जवळचं उदाहरण नैनितालजवळच्या खुर्पातालचं. उत्तराखंडच्या वनखात्याने तिथे 2020 साली मॉसची बाग खुली केली, तिथल्या 30च्या आसपास जातींत आपली हायोफिलाही आहे.

एक तक्रार अर्धी खरी आहे. मॉसमुळे भिंत फुटते असं म्हणतात ते तसं नाही, मूलाभांत तेवढं बळ नसतं. घराच्या आतल्या भिंतीवर मॉस आलं तर आधी गळकी नळी शोधावी, दोष तिचा. पण त्या ओल्या थरात कावळ्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, रुजतं, आणि त्याची मुळं मात्र भिंत खरोखर फोडतात. त्यासाठी अख्खी भिंत ब्लीचिंग पावडरने धुण्याची गरज नाही. दर पावसाळ्यात दोन पानांवर असतानाच ती रोपं चिमटीत धरून काढली तर मुळासकट येतात. ज्यांनी ती वेळ घालवली आहे आणि ज्यांच्या भिंतीत आज मनगटाएवढा पिंपळ उभा आहे, त्यांच्यासाठी पुढचा लेख.