संशयाच्या विकारावर उपचार होतात का?
पॅरानॉइड पर्सनॅलिटी डिसऑर्डर बरा होत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला हा निकाल घाईचा वाटतो. संशयी वृत्ती बहुधा वर्षानुवर्षं टिकते, हे खरं. पण मुळात संशोधनच तुटपुंजं आहे, कारण दोष इतरांचाच वाटणारा माणूस सहसा डॉक्टरकडे जात नाही. मग उपचार करायचे कुणावर? झोप उडाली, नैराश्य आलं, संसार मोडायला आला, की काही जण येतात. तेव्हा गोळी कशासाठी दिली, केसपेपरवर काय लिहिलं, हे उघड सांगणाऱ्या डॉक्टरवरच थोडाफार विश्वास बसतो. या विकारासाठी खास औषध नाही. भिस्त मानसोपचारावर: ‘शेजारी हसला तो मलाच’ या निष्कर्षाला दुसरं कारण असेल का, हे चिकाटीने तपासत राहायचं. घरच्यांनी चहातून चोरून गोळ्या देणं मात्र घातकच. ते उघडकीला आलं, की संशयाला पुरावा मिळतो आणि उपचार तिथेच सुटतात.