कमाईचे चार भाग आणि तंत्रज्ञानाचे शेअर

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थास कमाईचे चार भाग करण्यास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा आपत्काळासाठी. हा चौथा भाग शेअरबाजारात नेऊ नये, असे आम्हांस वाटते.

उरलेल्या दीर्घ मुदतीच्या बचतीत मात्र थोडी जोखीम घ्यावी, कारण महागाई ठेवींचे व्याज खाते. पण तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर चढतात तसेच कोसळतात. अमेरिकेतील नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,००० वर गेला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे ७८ टक्के घसरला. ती उंची पुन्हा गाठण्यास २०१५ साल उजाडले.

म्हणून प्रमाण आधीच ठरवावे. समजा, १ लाखापैकी ९० हजार भविष्य निर्वाह निधी व बँक ठेवीत आणि १० हजार अशा शेअरांत आहेत. शेअर ८० टक्के पडले तरी ८ हजारच जातील. दुप्पट झाले, तर ९ हजारांचे विकून ठेवीत टाकावेत. प्रमाण पुन्हा १० टक्क्यांवर येते.

आपल्या अनेक घरांत पगार आणणारी ही पहिलीच पिढी आहे; पाठीशी जमीनजुमला नाही. म्हणून विद्यार्थी बंधू-भगिनींनी कर्ज काढून वा फीच्या पैशांतून शेअर घेऊ नयेत. व्यवहारातील अप्रमाद तो हाच.