इसारापासून सातबाऱ्यापर्यंत



ऊस नोंदीसाठी आम्ही बांधावर येतो, तेव्हा ‘हे रान आम्ही घेतलंय’ असे कोणी ना कोणी सांगतो. सातबारा पाहावा तर नाव मूळ मालकाचेच! कागद मागितला की साठेखत पुढे येते. पैसे मात्र बहुतेक देऊन झालेले असतात. म्हणून जमिनीच्या व्यवहारातील नेहमीच्या शब्दांचे अर्थ या अंकी देत आहोत.

इसारपावती : सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेल्या रकमेची पावती. एवढ्याने रान आपले होत नाही.

साठेखत : पुढे खरेदी करून देण्याचा लेखी करार. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. समोरचा फिरला तर करार पुरा करून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

खरेदीखत : मालकी देणारा दस्त तो हाच. सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणीस हजर करावा.

फेरफार : हक्क बदलल्याची नोंद, म्हणजे गाव नमुना 6. वडील वारले तर वारसांनी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. त्यात बहिणींची नावे गाळू नयेत. त्यांचाही हक्क आहे, आणि आज झाकलेली गोष्ट उद्या खरेदीच्या वेळी आडवी येते.

सातबारा : नमुना 7 मध्ये जमिनीचे हक्क, नमुना 12 मध्ये पिके. यातला ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचा हक्क तिथेच दिसतो.

भोगवटादार वर्ग 2 : विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन. परवानगीची खात्री झाल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

पोटखराबा : लागवडीस अयोग्य क्षेत्र. सातबाऱ्यावर 1 हेक्टर म्हणजे 100 आर दिसले व त्यात 15 आर पोटखराबा असला, तर उसाला 85 आरच धरावे.

थोडक्यात सांगायचे तर, ताजा सातबारा पाहिल्याशिवाय इसार नको, आणि खरेदीखत नोंदल्याशिवाय सगळी रक्कम हातची सोडू नका. खरेदी झाली की फेरफार मंजूर होऊन नाव लागेपर्यंत पाठपुरावा ठेवा. ‘पाव्हण्यातला व्यवहार आहे, कागद कशाला?’ असे म्हणू नका. कागद चोख असला तर पाव्हणेही टिकतात.