घरातला सर्व्हर (भाग ७) : नेट गेलं, वायफाय आहे

मागच्या भागात पाय-होल बसवून आपण जाहिरातींना दारातूनच परत पाठवलं. या भागात उलटा प्रश्न घेऊ. बाहेरून काहीच येईनासं झालं, तर घरात काय उरतं?

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या मामांचं घर अंतरवाली सराटीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले आणि तोवर अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं हे गाव महाराष्ट्राला पाठ झालं. पुढे २६ फेब्रुवारी २०२४ ला, सोमवारी, अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद झालं. ते बंद करणं योग्य की अयोग्य, हा या लेखमालेचा विषय नाही. घरात त्याचं काय झालं, तेवढंच सांगतो.

मामेभावाची मुलगी दहावीला होती. परीक्षा १ मार्चपासून, म्हणजे चार दिवसांवर, आणि विज्ञानाची उजळणी सगळी मोबाइलवर. मामांनी मला साधा कॉल लावला. "वायफाय गेलं रे." मी विचारलं, राउटरचे दिवे लागलेत का? "लागलेत की. एक तेवढा लाल आहे."

म्हणजे वायफाय गेलंच नव्हतं. गेलं होतं ते इंटरनेट.

या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात इतकी सरमिसळ झाली आहे की जाणकारही चुकतात. वायफाय म्हणजे राउटर आणि तुमचा फोन यांच्यातला रस्ता, घराच्या भिंतींपुरता. इंटरनेट म्हणजे राउटरपासून पुढचा रस्ता. अंबड भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन वरून सुटतं, कधी सुटेल ते आपल्या हातात नसतं. शेततळं मात्र आपलं. कालवा कोरडा पडला म्हणून शेततळ्यावरची मोटार बंद पडत नाही, आत पाणी साठवलेलं असलं की झालं. मामांच्या घरी मोटार होती, पाइप होते. तळंच नव्हतं.

घरातले पत्तेही वेगळे असतात. राउटरच्या पाठीवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा छापलेला दिसेल. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. तुमच्याही घरी १९२.१६८.१.१ आणि मामांच्याही घरी तोच, पण भांडण होत नाही. हे पत्ते उंबऱ्याच्या आतलेच, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. त्यामुळे बाहेरचं बंद झालं तरी त्यांना फरक पडत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू घेऊन गेलो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला हा बोर्ड. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३०, मेमरी ५१२ एमबी. मामी म्हणाल्या, "एवढंसंच?" एवढंसंच पुरतं. मोबाइलच्या चार्जरवर चालतो आणि लाईट गेली तर पॉवर बँकेवर तासन्‌तास टिकतो. राउटरला मात्र वेगळा छोटा यूपीएस लागतो, हे विसरू नका. राउटर झोपला तर तळं भरलेलं असूनही पाइप बंद.

बोर्डावर टाकलं किविक्स. २००७ पासून चालू असलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. अख्खा विकिपीडिया झिम नावाच्या एकाच फाइलीत बांधून देतो आणि किविक्स-सर्व्ह ती फाइल घरातल्या कुठल्याही ब्राउझरला वाचायला देतो. १ मे २००३ ला सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. मराठी लेखांची खोली सगळीकडे सारखी नाही, म्हणून विज्ञानासाठी इंग्रजीतलंही थोडं घेतलं. शिवाय शाळेची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून एका फोल्डरात ठेवली. राउटरमध्ये बोर्डाला कायमचा पत्ता बांधून दिला, नाहीतर तो दर वेळी नवा घेतो आणि पोरं शोधत बसतात. मग फोनमध्ये १९२.१६८.१.५०:८०८० टाकलं की पान उघडतं.

पहिल्याच चाचणीत फसगत झाली. मी राउटरची बाहेरची केबल काढली आणि मामांच्या फोनवर पानच उघडेना. बोर्ड ठणठणीत होता, घोटाळा फोनचा होता. वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर टकटक करून पाहतो. उत्तर आलं नाही तर वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह लावतो आणि बरेचदा आपणच मोबाइल डेटाकडे उडी मारतो. १९२.१६८ वाला पत्ता मोबाइल डेटावरून सापडणार कसा? उपाय सोपा आहे. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का?' असं फोन विचारतो तेव्हा 'हो' म्हणायचं, किंवा मोबाइल डेटा बंद करायचा. बहुतेक लोक या पायरीवर बोर्ड बिघडला समजून नाद सोडतात.

दुसरा शत्रू आहे लाईट. अचानक गेली आणि त्याच क्षणी बोर्डातल्या मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असेल, तर कार्ड खराब होऊ शकतं. माझं एक कार्ड असंच गेलं, तिसऱ्या आठवड्यात. आता सगळं बसवून झालं की रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करतो. त्यानंतर बोर्ड कार्डावर काही लिहीत नाही, फक्त वाचतो. नवं काही भरायचं असेल तेव्हा ते तात्पुरतं बंद करायचं.

या तळ्याला मर्यादा आहेत. ताजी बातमी त्यात नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, आणि भरायला पाणी शेवटी कालव्यातूनच येतं. दर दोन-तीन महिन्यांनी नेट चालू असताना नवी झिम फाइल उतरवून घ्यावी लागते. मी ते काम पोरीकडेच दिलंय.

केबल काढलेली तशीच ठेवून तिनं 'प्रकाशाचे अपवर्तन' उघडून दाखवलं. मामा दोन मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "हे असं चालतंय तर मग दर महिन्याला नेटचे पैसे कशाला भरायचे?"

मामींनी आतूनच उत्तर दिलं, "तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी."

(पुढच्या भागात वायरगार्ड : पुण्यात बसून गावच्या बोर्डापर्यंत पोचायचं कसं?)