काकडी, नवा तांदूळ आणि चवईचं पान

वसुबारसेला नाशिकला माझ्या माहेरी गाय-वासराची पूजा असते. त्याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, आमच्या दादरा-नगर हवेलीतल्या खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांवर वाघबारस असते. गुरं राखणारी पोरं घरोघर फिरून तांदूळ गोळा करतात आणि शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य आणि नाग कोरलेला हा देव वारली-कोकणा आदिवासींच्या गावांत भेटतो, तिकडे डांगपर्यंत आणि इकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत. वर्षभर गुरं ज्याच्या रानात चरली, त्याला सणाचा पहिला घास. पुढचे तीन-चार दिवस मग घराघरातून एकच वास येत राहतो. तो सावेल्याचा, म्हणजे पिकलेल्या काकडीचा कीस आणि नव्या तांदळाचं पीठ पानात वाफवून केलेल्या पदार्थाचा.

आमचं मुख्य शहर सिल्वासा म्हटलं की महाराष्ट्रातल्या लोकांना कारखाने आठवतात. थोडं वय झालेल्यांना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी मंडळी जिवावर उदार होऊन इथे आली आणि पोर्तुगीजांची सत्ता उलथली, तो दिवस. पण २०११च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात निम्म्याहून जास्त वारली, कोकणा, धोडिया, काथोडी असे आदिवासी होते, हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. मी सिल्वासात खानावळ चालवते. कामगारांसाठी रोज भाकरी-भाजीचे डबे जातात. माझ्याकडे भाकऱ्या थापणारी बाई दुधनीकडची वारली आहे. तिच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, चुलीपाशी बसून मी सावेला शिकले, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते.

आधी काकडी. बाजारात मिळते ती कोवळी हिरवी नव्हे. पावसाच्या सुरुवातीला नागलीच्या नाहीतर वरईच्या शेतात, किंवा झोपडीच्या कुडावर वेल सोडतात. त्यावरची काही फळं मुद्दाम ठेवून देतात. आश्विनापर्यंत ती हातभर लांब, पिवळट-तपकिरी आणि जाड सालीची होतात. आजी विळीवर काकडी उभी चिरते आणि आतला गर बियांसकट बोटांनी ओढून काढते. त्यातल्या भरलेल्या बिया राखेत घोळून लगेच कुडाला चिकटवते. पुढच्या वर्षीची पेरणी तिथेच, स्वयंपाक सुरू व्हायच्या आत झालेली असते. मग कीस. खिळ्याने भोकं पाडलेल्या पत्र्यावर काकडी किसायची आणि किसाला सुटलेलं पाणी जपून ठेवायचं, कारण सावेल्यात वरून दुसरं पाणी घालायचं नाही. मी पहिल्यांदा सवयीने तांब्या उचलला तेव्हा आजीने माझा हात धरला. "काकडीला इचार बाय, किती पीठ पेलते ते."

पीठ नव्या तांदळाचं. हळव्या जातीचं भात तेव्हा नुकतंच झोडपलेलं असतं. त्या दाण्यात ओल असते, म्हणून पीठ किंचित चिकट येतं आणि कीस सहज बांधून घेतं. त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ. हे मिश्रण बोटभर जाडीचं पानावर थापायचं, पान दुमडायचं आणि मडक्याच्या तळाशी काड्यांचा थर देऊन त्यावर रचायचं. वाफ कोंडली की तासाभरात होतं. काही घरांत हेच पान निखाऱ्यावर भाजतात, त्याला धुराची चव येते. मला तो भाजलेला सावेला जास्त आवडतो. तेलाचा थेंब नाही. आमच्या ओळखीच्या घरात या अख्ख्या पदार्थात विकत आणलेलं असतं ते गूळ आणि मीठ.

पान चवईचं, म्हणजे डोंगरकड्यावर उगवणाऱ्या रानकेळीचं. ते नसेल तर हळदीचं किंवा घरच्या केळीचं. चवई पावसाळ्यात फोफावते आणि पाऊस सरला की वाळून जाते, जमिनीत फक्त कंद उरतो. म्हणजे बघा, पिकलेली काकडी, हळवा तांदूळ आणि चवईचं हिरवं पान ही तिन्ही एका वेळी हाताशी असतात ती वर्षातून थोडेच आठवडे. सावेल्याचा सण कॅलेंडरवर नंतर आला असणार. आधी तो शेतात आणि कड्यावर ठरला. म्हणून सावेला थाळीत एकटाही नसतो. शेजारी उकडलेल्या चवळीच्या शेंगा असतात, कंद असतात आणि करांदे असतात. कडू करांद्यांचा कडूपणा राखेच्या पाण्यात उकळून, मग वाहत्या पाण्यात ठेवून काढावा लागतो. ही सगळी जाण बायकांच्या हातात आहे.

या समाजात नवं पीक सरळ तोंडात टाकत नाहीत. वारल्यांची धान्याची देवी कणसरी. तिला आणि घरच्या देवांना दाखवल्याशिवाय नवं खायचं नाही, हा नेम मुलंसुद्धा पाळतात. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, तीच ही श्रद्धा. कोरियातही शरदातल्या चुसोक सणाला नव्या तांदळाची सोंगप्योन करतात. ती पाइनच्या पानांवर वाफवतात आणि पूर्वजांपुढे ठेवतात. इतक्या दूरच्या माणसांनाही नवा तांदूळ, झाडाचं पान आणि वाफ हेच सुचावं, याचा मला फार आनंद होतो.

आता शहरांतून आदिवासी खाद्यमहोत्सव भरतात. तिथे तारपा वाजतो, वारली चित्रांचे फलक लागतात आणि पदार्थ द्रोणात मिळतात. ते भरावेत, त्यातून बायकांना चार पैसे मिळतात. पण सावेला मार्चमध्ये स्टॉलवर मांडायचा म्हणून फ्रिजमधली काकडी आणि दुकानातलं पीठ वापरलं, तर हाती येतो तो गोड ओला गोळा. मी माझ्या खानावळीत असा करून पाहिला नाही आणि करणारही नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. याच डोंगररांगेतलं जव्हार उर्वरित महाराष्ट्राला कळलं ते १९९२ साली तिथल्या वावर-वांगणी गावांत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा. तेव्हापासून या भागाच्या अन्नाबद्दल बोलायचं तर फक्त उणिवेबद्दल, अशी पद्धतच पडली. उणीव खरी आहे, आजही आहे. पण जिथे नागली, वरई, चवळी, कंद आणि काकडी एकाच उतारावर पिकत होती तिथला माणूस रेशनच्या तांदळावर आला, हेही त्याच गोष्टीतलं प्रकरण आहे. उतारावरची नागली गेली की तिच्यातला काकडीचा वेलही जातो, कारण त्याच्यासाठी वेगळी जमीन कुणी राखत नाही. जव्हार भागात बायफ संस्थेने शेतकऱ्यांबरोबर भात-नागलीच्या गावठी वाणांचं बियाणं जपण्याचं काम केलं आहे. तसं काम आमच्या खानवेलकडेही व्हायला हवं, आणि भाताच्या यादीत ही काकडीही हवी.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मराठी कुटुंबं दुधनीला मधुबन धरणाच्या जलाशयात होडीत बसायला येतात. येताना रस्त्याकडेला किंवा खानवेलच्या बाजारात एखादी बाई टोपलीत मोठ्या पिवळट काकड्या घेऊन बसलेली दिसली तर गाडी थांबवा. भाव करू नका. सावेला कसा करायचा ते तिलाच विचारा, ती हसत सांगेल. आणि घरी गेल्यावर बिया फेकू नका. राखेत घोळून ठेवा, मृगाच्या पावसाला कुंडीत लावल्या तरी वेल चढतो.